तक्रार कुणी फोडली?

माझं नाव त्या फलकावर लागलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीत जिन्याच्या तोंडाशी एक निळा फलक होता. वर मोठ्या अक्षरांत 'अंतर्गत तक्रार समिती' आणि खाली सहा नावं. विद्यार्थिनीला किंवा महिला कर्मचाऱ्याला कुणी लैंगिक त्रास दिला तर या समितीकडे तक्रार करावी, असं त्याखाली बारीक अक्षरांत. शेवटून दुसरं नाव माझं होतं. मी प्राचार्यांना जाऊन विचारलं, तर ते सह्या करता करता म्हणाले, "बायका लागतात त्यात, मॅडम. ऑफिसात तुम्हीच सीनियर. वर्षाला दोन सह्या, बाकी काही नाही."

आणि खरंच बाकी काही नव्हतं. वर्षातून दोनदा बैठकीचं इतिवृत्त टाइप होऊन माझ्या टेबलावर यायचं. बैठक अमुक तारखेला झाली, अमुक सदस्य हजर होते, चहापानानंतर सांगता झाली. तो चहा मी कधी प्यायले नाही, कारण ती बैठक कधी भरलीच नव्हती. मी सही करायचे. वार्षिक अहवालात 'प्राप्त तक्रारी: निरंक' असं जायचं. निरंक म्हणजे काहीच नाही. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

माझं खरं काम आवक-जावकच्या खिडकीत. कॉलेजात येणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जायचा. शिक्का, क्रमांक, तारीख, कुणाकडून आला, विषय काय, पुढे कुणाकडे गेला. बावीस वर्षं हे केल्यावर माणूस संशयी होतो. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची एकाच हस्ताक्षरातली सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत. वडील महिनाभर गावी असताना त्यांची आज सकाळची सही घेऊन येणारी पोरं पाहिली आहेत. त्यामुळे खिडकीशी कुणी आलं की मी आधी माणसाकडे बघते, मग कागदाकडे. घरीही तेच. नवरा म्हणतो, भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी तू जुडी सोडून आत बघतेस.

ती मुलगी आली ती जानेवारीत. नाशिकची थंडी, दुपार असूनही खिडकीच्या गजांना हात लावावासा वाटत नव्हता. मी डबा उघडायच्या बेतात होते. मुलगी वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची, घर सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात. शिष्यवृत्तीच्या अर्जांमुळे मला चेहरा माहीत होता. एरवी कागद सरकवून मान खाली घालून उभी राहणारी. त्या दिवशी तिने पाकीट सरकवलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"याची पोच द्या मॅडम."

"कसला अर्ज आहे?"

"आत लिहिलंय."

"मग पोच कशाला? पोचतोच की कागद साहेबांकडे."

"नंतर मिळालाच नाही म्हणू नये कुणी म्हणून."

हे वाक्य तिचं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय. मी मान वाकडी करून तिच्या मागे बघितलं. पाण्याच्या नळाशी दोन मुली उभ्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. मनात म्हटलं, आलं लक्षात.

मी तिच्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. ती गेल्यावर पाकीट फोडून वाचलं, कारण प्राचार्यांच्या नावाचे कागद फोडणं हेही माझंच काम. दीड पान होतं. विभागाची सहल वणीच्या डोंगराकडे वनस्पती गोळा करायला गेली होती. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी तिच्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक सरांनी तिला वाळवलेल्या नमुन्यांचे कागद घेऊन खोलीवर बोलावलं आणि दार लावलं. पुढे काय झालं ते तिने दोन ओळींत लिहिलं होतं. त्या दोन ओळी मी एकदाच वाचल्या. ती सुटून बाहेर आली. त्यानंतर तीन महिने तिच्या प्रोजेक्टवर सरांची सही होत नव्हती. 'तू समजून घ्यायला शिक, मग बघू' असं ते दोनदा म्हणाले, हेही लिहिलं होतं.

माझा पहिला विचार काय होता, तो लिहिते. माझा पहिला विचार असा होता की सही अडली, म्हणून हे कुभांड. सर आमच्या ऑफिसात सगळ्यांचे आवडते. खिडकीशी आले की माझ्या गुडघ्याची चौकशी करायचे. द्राक्षांच्या दिवसांत ऑफिससाठी पेटी पाठवायचे. असा माणूस, आणि हे? मी नेहमीसारखी रजिस्टरात नोंद केली, कागद फाइलला लावला आणि आमच्या शिपाई मावशींच्या हाती साहेबांकडे पाठवला.

चौथ्या दिवशी ती मुलगी पुन्हा खिडकीशी उभी राहिली. डोळे सुजलेले. या वेळी नळाशी कुणी नव्हतं.

"मॅडम, तुम्ही सांगितलं का कुणाला?"

"काय सांगितलं?"

"माझ्या वडलांकडे माणसं गेली होती. पिंपळगावला."

तिचे आईवडील दर हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला यायचे. बागेच्या कडेलाच राहायचे. तिथे दोन माणसं मोटारसायकलवर आली आणि वडलांना म्हणाली, पोरगी सरांवर आळ घेतेय, उद्या तिचं लग्न कोण करेल, अर्ज मागे घ्यायला सांगा. वडलांना तोवर अर्जाचा पत्ताही नव्हता.

"कमिटी अजून बसलीसुद्धा नाही," ती म्हणाली, "आणि सरांना सगळं माहितीये. मी काय लिहिलं ते शब्दाला शब्द नाही, पण मी लिहिलंय हे. कुणी सांगितलं?"

मी भडकले. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक शब्द बाहेर गेला नाही, असं तिला सुनावलं. ती गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. कुणीतरी सांगितलं होतं, एवढं खरं होतं. आणि कुणीतरी शोधायचा म्हटला की मला जोर चढतो.

पहिला संशय मावशींवर. फाइल त्यांनीच नेली होती, आणि त्यांचा पुतण्या सरांच्या विभागात लॅबमध्ये होता. मी त्यांच्याशी बोलणं तोडलं. कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, ती मागून घेतली. त्यांनी ती पदराच्या गाठीतून सोडवून टेबलावर ठेवली. दुसरा संशय समितीच्या अध्यक्षांवर. त्या इतिहासाच्या प्राध्यापिका, त्यांचे यजमान आणि हे सर सकाळी एकत्र फिरायला जातात हे मला माहीत होतं. प्राचार्यांचा तर प्रश्नच नव्हता, संस्थेचं नाव जपायचं म्हणून ते काहीही करतील. आणि थोडा संशय त्या मुलीवरही ठेवला होता. हॉस्टेलवर बोलली असेल स्वतःच, पोरी पोटात ठेवतात का काही?

गंमत अशी की अध्यक्षबाई तेव्हा माझ्याकडेच तशा नजरेनं बघत होत्या. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुमच्या खिडकीपाशी फार वर्दळ असते नाही, मॅडम?" मी म्हटलं, "सकाळच्या फिरायला जायच्या रस्त्यावर जास्त असते." त्यानंतर आम्ही आठवडाभर एकमेकींना नमस्कार केला नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसला आले तर पायऱ्यांवर मुली बसलेल्या. वीस-पंचवीस असतील. घोषणा नाहीत, माईक नाही. कार्डशीटवर स्केचपेनने लिहिलेलं: 'समितीवर कोण आहे? समिती कधी बसली? इतिवृत्त दाखवा.' एवढंच. दुपारपर्यंत उन्हात बसायच्या, तास असला की दोघी-तिघी उठून जायच्या आणि तास संपला की परत यायच्या.

मला ते अजिबात खरं वाटलं नाही. निवडणुकीचं वर्ष, कुठल्यातरी पक्षाचा हात असणार. मी खिडकीतून लक्ष ठेवलं. यांना पाणी कोण आणून देतं, नाश्ता कोण देतं, गाडी कुणाची थांबते. तीन दिवस बघितलं. पाणी हॉस्टेलच्या मेसमधून पिंपात यायचं, दोन मुली पिंप उचलून आणायच्या आणि रिकामं झालं की उचलून न्यायच्या. चौथ्या दिवशी आमच्या स्टाफमधल्या एका बाईंनी त्यांना पोहे करून आणले. गाडी कुणाचीच थांबली नाही. त्यांच्यातली जी सगळ्यात बोलकी होती तिला मी खिडकीतून विचारलंच, "तुम्हाला हे सगळं कोण सांगतं गं?"

"काय सगळं?"

"हेच. इतिवृत्त वगैरे."

"फलकावर लिहिलंय ना मॅडम. कमिटी आहे म्हणून. मग ती काय करते ते बघायला नको?" ती हसली नाही. "तुमचंही नाव आहे त्यावर."

त्याच दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं. मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं काढून नीट लावा, मुलींना प्रती देऊन टाकू, म्हणजे उठतील. मी फाइल काढली. सहा बैठका, सगळ्यांच्या सह्या, कागद अगदी व्यवस्थित. या मुली हे कागद बघतील आणि घरी जातील. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली.

पण मुलींनी त्याआधीच एक काम केलं होतं. फलकावरचं शेवटचं नाव बाहेरच्या सदस्याचं असतं, संस्थेशी संबंध नसलेल्या बाईचं. ते नाव आम्हाला कुणालाच माणूस म्हणून ठाऊक नव्हतं. मुलींनी त्या बाई शोधून काढल्या. मनमाडला राहायच्या, रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आणि तिथे बायकांसाठी एक मदत केंद्र चालवायच्या. पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळच्या गाडीने त्या नाशिकरोडला उतरल्या आणि रिक्षाने थेट कॉलेजात आल्या. साठी उलटलेली, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी. प्राचार्यांसमोर बसून त्यांनी इतिवृत्तांची फाइल उघडली, चष्मा लावला आणि सहाही पानं उलटली.

"इथे माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "सहाही बैठकांना मी हजर होते असं लिहिलंय."

"हो, म्हणजे ते..." प्राचार्य म्हणाले.

"ही सही इंग्रजीत आहे. मी मराठीत सही करते. चाळीस वर्षं करतेय." त्यांनी फाइल मिटली. "मी या समितीवर आहे, हे मला मागच्या आठवड्यात त्या मुलींनी कळवलं."

ती सही कुणी केली हे आजही मला माहीत नाही. माझा एकावर संशय आहे, पण त्या प्रकरणात माझ्या संशयांची जी गत झाली, ती बघता तो मी लिहिणार नाही.

त्या दिवशी समिती पहिल्यांदा खरोखर बसली. अध्यक्षबाई, मी, विज्ञानाच्या एक मॅडम आणि मनमाडच्या ताई. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघतोय आणि नजर चुकवतोय. ताईंना ते लगेच कळलं असावं. त्यांनी तक्रार वाचली, मुलीला बोलावून तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "चौकशी तर करूच. पण आधी हे फुटलं कसं ते बघू. तक्रार करणाऱ्या बाईला जर पहिल्याच आठवड्यात वडलांकडून गप्प करायला माणसं जात असतील, तर पुढची मुलगी येणार नाही. कागद जसा चालत गेला तसं आपण चालू. सुरुवात कुठून?"

"माझ्या खिडकीतून," मी म्हटलं. मला वाटलं, बरं झालं, आता मावशींपर्यंत पोचू.

ताई बाहेर जाऊन खिडकीच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या, जिथे सगळे उभे राहतात. मी आत माझ्या खुर्चीत. रजिस्टर नेहमीसारखं टेबलावर उघडं. "त्या दिवसाचं पान काढा," त्या म्हणाल्या. मी काढलं. त्या वाकल्या आणि गजांमधून, उलट्या बाजूने, हळूहळू वाचू लागल्या. क्रमांक. तारीख. मग त्या मुलीचं पूर्ण नाव, वर्ग. मग विषय: 'सहलीदरम्यान वनस्पतिशास्त्र विभागातील', पुढे सरांचं पूर्ण नाव, 'यांनी केलेल्या लैंगिक छळाबाबत तक्रार'.

माझं अक्षर चांगलं आहे. ठळक, सुटं. उलटं असलं तरी सहज वाचता येत होतं.

"आणि हे कुणाचं?" ताईंनी बोट खाली नेलं. त्याच पानावर, दोन ओळी सोडून, कागद मिळाल्याच्या रकान्यात एक सही होती. विद्यापीठाकडून पेपर काढण्याबद्दल एक पत्र आलं होतं, ते ज्यांच्या नावे होतं त्यांनी येऊन नेलं होतं. सही सरांची होती.

मला ती दुपार आठवली. डबा संपवून मी हात धुऊन आले होते. सर आले, गुडघ्याची चौकशी केली. मी पत्र दिलं आणि सहीसाठी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून ठेवलं. स्वतःच्या हाताने. ते पेन धरून बराच वेळ पानावर वाकून राहिले. मी विचारलंही होतं, "सर, पेन चालत नाही का?"

हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. अध्यक्षबाई माझ्याकडे बघत होत्या, पण आता त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं. दारात मावशी उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कप ठेवले आणि गेल्या. मी नंतर किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेले, चुकलं म्हणाले. त्या म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडंच. माझ्याकडं असली की उद्या परत वाटंल काहीतरी." दुपारचा चहा आम्ही पंधरा वर्षं एकत्र घेत होतो. तो तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलवर गेले. ती मुलगी व्हरांड्यात कपडे वाळत घालत होती.

"माझ्याकडून गेलं ते," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही, पण माझ्याच रजिस्टरमधून गेलं." आणि कसं ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर म्हणेल, असू द्या मॅडम. तिने हातातला ओला टॉवेल तसाच धरला होता.

"हे लिहून द्या," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कमिटीला. नाहीतर सर म्हणतील मीच गावभर केलं. आणि बैठका झाल्या नव्हत्या तेही लिहा. तुमची सही आहे ना त्यावर?"

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझ्या." त्याचं चुकलं नव्हतं. मी दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत मला हाही संशय आला की ही मुलगी मला अडकवतेय, मुली मिळून मला पुढे करताहेत. सवय अशी लवकर जात नाही. तिसऱ्या दिवशी मी एक पान लिहिलं. नोंद मी केली, रजिस्टर मी फिरवलं, आणि सहा बैठकांच्या इतिवृत्तांवर मी सही केली ज्या कधी झाल्या नाहीत. अध्यक्षबाईंना वाचायला दिलं. त्यांनी वाचून खाली एक ओळ लिहिली, 'मीसुद्धा', आणि सही केली. मला त्या बाईंबद्दल काय काय वाटलं होतं!

पुढचं सरळ झालं असं नाही. सरांनी वकिलाची नोटीस पाठवली. सहलीतल्या दोन मुली आधी बोलायला तयार झाल्या, मग एक मागे फिरली. पण दुसरी राहिली, आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थापकाने त्या संध्याकाळी ही मुलगी जिन्यावर रडत बसली होती असं सांगितलं. समितीने तक्रार खरी ठरवली. मुलीला दुसरे मार्गदर्शक मिळाले, प्रोजेक्ट पूर्ण झालं. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि आवक-जावकच्या खिडकीवरून परीक्षा विभागात बदली झाली. इतिवृत्तांबद्दल वरच्या कुणाला काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

पायऱ्यांवरच्या मुलींनी मात्र उठताना चार गोष्टी लेखी घेतल्या. अशा तक्रारीची नोंद आता साध्या रजिस्टरात होत नाही, नुसता क्रमांक पडतो आणि पाकीट न फोडता अध्यक्षांकडे जातं. समितीवर विद्यार्थिनी निवडून येतात. बैठकीची तारीख आधी लागते आणि बाहेरच्या सदस्यांचा फोन नंबर फलकावर आहे. मागच्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून मंडळी आली तेव्हा प्राचार्यांनी हे सगळं त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवलं, जणू त्यांचीच कल्पना. मी तेव्हा मागे उभी होते. दाखवण्यापुरतं राहील का हे, असं मनात आलं. म्हणून बैठकीच्या दिवशी मी अजूनही काहीतरी निमित्त काढून त्या खोलीवरून जाते आणि आत खरंच माणसं आहेत का बघते. आतापर्यंत होती.

सरांना संस्थेने बडतर्फ केलं नाही. दोन वेतनवाढी रोखल्या आणि संस्थेच्याच दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात पाठवलं.

या उन्हाळ्यात ती मुलगी पदवीचं प्रमाणपत्र न्यायला परीक्षा विभागात आली. सोबत वडील होते. पांढरी टोपी, उन्हाने रापलेला चेहरा. ती आता पेठजवळच्या एका शाळेत शिकवते. माझ्याशी कामापुरतं बोलली, नाव नीट आहे का ते दोनदा तपासलं, सही केली. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. वडील इतका वेळ भिंतीशी उभे होते. ती झेरॉक्स काढायला गेल्यावर ते टेबलाजवळ आले.

"त्यो सर कुठं हाय आता?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं.

"तिथं पोरी हायत ना शिकायला?"

"आहेत."

मुलगी आली, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातलं, आणि दोघं बसस्टँडकडे गेले.

त्या संध्याकाळी मी मनमाडच्या ताईंना फोन केला. आम्ही दोघींनी मिळून त्या दुसऱ्या कॉलेजच्या समितीला पत्र लिहिलं: बैठक शेवटची कधी झाली, बाहेरच्या सदस्य कोण, त्यांचा नंबर काय. दीड महिना झाला, उत्तर नाही. मागच्या आठवड्यात दुसरं पत्र पाठवलं. यालाही उत्तर आलं नाही, तर दिवाळीच्या सुटीआधी तिथे जाऊन यायचं ठरवलंय.